कळंब्याचं बारसं आणि आतड्यातला पाहुणा

कोल्हापूर, गुरुवार सकाळ

चि. शिवानी हिस मामाचा सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. माझी तक्रार गंभीर आहे, म्हणून आधी तीच. दोन पानांत मामाच्या प्रकृतीला अर्धी ओळ आणि बाकी सगळं माझ्या पोटातल्या त्या विषाणूचं कौतुक! मिरजेला डॉक्टरकी शिकायला तुला आम्ही धाडलं की त्यानं?

कळंब्याच्या बारशाहून आलो आणि उलट्या-जुलाब सुरू झाले. शेजारच्या बाबासोनं लगेच निदान केलं, "मास्तर, चार वाट्या तांबडा रस्सा वरपा की! जंतू जळून न्हाय मेला तर मिशी उतरवतो." मी वरपला. (पुढचं वर्णन संस्कृतातही शोभणार नाही. बाबासोची मिशी शाबूत आहे.) आता तू लिहितेस की रस्सा आतड्याच्या बोळातून नुसता वाहून गेला, पाहुणा केव्हाच पेशीत शिरून कडी लावून बसला होता. इथवर समजलं. पण तो दाराला नुसता चिकटतो आणि पेशी स्वतःच त्याला आत ओढून घेते, हे काय? अतिथिधर्म माणसानं पाळावा, आतड्याला कोणी शिकवला? बरं, हा येतो शिधा न घेता. आपल्याच चुलीवर, आपल्याच पिठानं स्वतःसारखे हजारो घडवतो आणि ती सारी पंगत भिंत फोडून शेजारच्या पेशीकडे जेवायला जाते! पेशी मेल्या की आतडं पाणी शोषत नाही, म्हणून जुलाब, तेही मान्य. पण शेवटी लिहितेस, विषाणूला धड जिवंतही म्हणता येत नाही. मग जन्मभर तर्कशास्त्र घोकलेल्या माणसाला आठवडाभर परसाकडे पळवलं कोणी? सवडीनं उत्तर दे, घाई नाही.

तुझा गोंधळलेला
आकाराममामा

ता. क. उत्तर राहू दे. तुझ्या वसतिगृहात फोन कोणी उचलत नाही, म्हणून हे पत्र मिरज गाडीच्या केरबा ड्रायव्हरच्या हाती देतोय. वाचलंस की त्याच्याच परतीच्या गाडीत बस.

आणखी ता. क. परवापासून तुझ्या मामीला तेच झालंय. मीठ-साखरेचं पाणी दोन घोटांवर घेत नाही. डॉक्टर सलाइन लावू म्हणतात, पण दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते. तिनं ऐकलं तर तुझंच ऐकेल. काल रात्रीपासून तिला लघवी झालेली नाही. मी काही बोललो तरी उलट उत्तर देत नाही. मला भीती वाटते गं.