सतराव्या ओळीतला शब्द

ता. ३ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू हसतेस आणि माझं जेवण झालं का ते विचारतेस, म्हणून हे पत्र. कागदावर तुला विषय बदलता येणार नाही.

चौकातल्या फळ्याचं काम मला मिळालं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. नागरिक मंडळाचं म्हणणं असं, की आपल्या नगरसेविकेने, म्हणजे तू, वर्षभरात सभागृहात कशाकशाला हात वर केला ते लोकांना येताजाता वाचता यावं. डावीकडे ठराव, उजवीकडे मत : बाजूने, विरोधात, तटस्थ किंवा गैरहजर. मी पाट्या रंगवतो म्हणून रंग माझा, आणि दर सभेला प्रेक्षकांच्या बाकावर बसून वही लिहितो म्हणून मजकूरही माझाच. मंडळाचे अध्यक्ष शिंपीकाका पहिल्याच दिवशी म्हणाले, की आत्या आहे म्हणून कुठे टाका सैल सोडू नकोस.

एकूण एकतीस ठराव. तीस रंगवून झाले. नळाच्या ठरावाला बाजूने, दुकानांच्या करवाढीला विरोधात, सगळं दोनदा ताडून पाहिलं. घोडं अडलंय सतराव्या ओळीवर. वाचनालय बंद करून तिथे वाहनतळ करायचा ठराव. तो एका मताने मंजूर झाला. तू विरोधात असतीस तर बरोबरी होऊन पडला असता, असं सभागृहाचे कारकून म्हणाले. मतदान पुकारलं आणि तू उठून बाहेर गेलीस, हे मी बाकावरून पाहिलं. इतिवृत्तात हजेरीला तुझी सही आहे, मतात तू नाहीस. मग गैरहजर कसं लिहू? आणि तटस्थ राहायलाही जागेवर बसावं लागतं. कोणता शब्द घालू ते कळव. एकोणीस तारखेला, रविवारी, फळा लागायचा आहे.

सातवीत माझी शाळा सुटल्यावर तू मला रोज दुपारी त्याच वाचनालयात नेऊन बसवायचीस. हे फळ्यावर लिहिणार नाही, फक्त तुला लिहितो.

लोभ आहेच, तो या पत्राने आटू नये.

तुझा भाचा


ता. ६ ऑगस्ट

चि. वेलांटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकही चूक सापडली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. पाट्यांवरच्या ऱ्हस्व-दीर्घावरून तू मला भर रस्त्यात थांबवायचास, तेव्हा तुझं हे नाव मीच ठेवलं. आता भोगते आहे.

त्या दिवशी घसा कोरडा पडला होता. पाणी प्यायला गेले, परत येईपर्यंत मतदान आटोपलं. एवढीच गोष्ट. तू गैरहजर लिही. बाई कुठे कामात अडकली असेल, असं लोक समजतील. निवडणूक दोन महिन्यांवर आहे आणि समोरचे टपून बसलेत. माझी जागा एका शब्दापायी जाऊ शकते, आणि तो शब्द माझ्याच घरच्या ब्रशने लिहिलेला असेल. एवढं मनात ठेव.

रंगाच्या डब्यांना झाकणं लावत जा. खोकला गेला का?

रागावले नाही, असं समज.

आत्या


ता. ९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खोकला गेला. झाकणं लावतो.

पाण्याचं पिंप सभागृहाच्या आतच आहे, तुझ्या खुर्चीच्या मागे. कारकुनांच्या परवानगीने मी पावलं मोजली. चार भरली. तू दाराबाहेर गेली होतीस.

तुला खोटं पाडायला मोजली नाहीत. तू म्हणतेस ते खरं निघावं म्हणून मोजली. गैरहजर लिहायला बसलो, ब्रश तीनदा बुडवला आणि तीनदा पुसला. शुद्धलेखन बरोबर आणि शब्द चूक, अशी पाटी मी आजवर रंगवली नाही. जागा कोरी ठेवू का, असं शिंपीकाकांना विचारलं. ते म्हणाले, कोरी ठेवलीस तर लोक आपापले शब्द भरतील, आणि ते तुझ्या आत्याला झेपायचे नाहीत.

माझ्यावर रागव, पण उत्तर धाड. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाचा


ता. १४ ऑगस्ट

चि. वेलांटीस,
आशीर्वाद.

चार पावलं तर चार पावलं. तुझ्यापुढे काही लपत नाही.

आदल्या दिवशी आमच्या गटनेत्यांनी बोलावून सांगितलं होतं, की बाजूने मत द्या, नाहीतर पाणी प्यायला जा. दोन्हीत तिकीट पक्कं. बाजूने हात वर करायची लाज वाटली आणि विरोधात करायची छाती झाली नाही. जिन्यात उभी राहिले. हातात पेलासुद्धा नव्हता. आतून मतांची मोजणी ऐकू आली, आणि पायऱ्या चढून आत यायला पाय उचलेना.

वाचनालयाच्या ठरावावर फेरविचाराचा अर्ज आज माझ्या सहीने दिला. तिकिटाचं व्हायचं ते होईल. शब्दही सापडला आहे. शनिवारी सकाळी फळ्यापाशी येते, ब्रश माझ्या हातात दे. मध्ये बोलू नकोस.

आत्या


ता. २० ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल फळा लागला. सतराव्या ओळीपाशी माणसं थांबतात. 'मी उठुन गेले' असं सावकाश वाचतात आणि पुन्हा वरपासून सुरू करतात. अख्ख्या फळ्यावर 'मी' तेवढा एकच. एक जण शिवी देऊन गेला, ती लिहीत नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी हे खरंच तिने स्वतः लिहिलं का, म्हणून मला दोनदा विचारलं.

'उठून'मधला ऊ दीर्घ असतो, आत्या. तू मध्ये बोलू नकोस म्हणालीस, म्हणून गप्प राहिलो. दुरुस्त कर, लोक तुला हसतील, असं शिंपीकाका म्हणाले. मी नाही केला. मजकूर माझा असता तर केला असता.

तुझं तिकीट गटनेत्यांनी अडवून धरलंय, हे कारकुनांकडून कळलं. फेरविचार तीन तारखेच्या सभेत आहे. मी बाकावर असेन, वही घेऊन. पाण्याची भरलेली बाटली सभेआधीच तुझ्या टेबलावर ठेवतो.

लोभ होता तेवढाच आहे, वर चार पावलं जास्त.

तुझा
वेलांटी