सात नंबरचा पांढरा

६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रंगाचं बोलणं फोनवर करायचं नाही हा तुमचा नियम पाळून पत्र लिहितेय. फोनवर पांढरा म्हटलं की ज्याला त्याला आपापला पांढरा दिसतो, हे तुमचं म्हणणं मी ह्यांनाही ऐकवलं. ह्यांच्या मते पांढरा एकच असतो आणि त्यात निवडण्यासारखं काही नसतं. एवढं सांगून हे पेपर वाचायला बसले.

सुतार एकदाचा गेला. स्वयंपाकघराला नवी कपाटं झाली, वर सहा आणि ओट्याखाली पाच. सगळ्यांना अस्तराचा एक हात मारून झालाय. दारं-खिडक्यांच्या चौकटी आणि भिंतीच्या तळाची पट्टीही घासून तयार आहे. आता फक्त रंग ठरायचा. दुकानात गेले तर त्याने एकतीस पांढरे दाखवले. एकाचं नाव ढग, एकाचं शिंपला, एकाचं नुसतंच ‘सकाळ’. मी पाऊण तास उभी होते. शेवटी सात आणले आणि तुम्ही शिकवलंत तसे पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात देऊन, वाळवून, मागे नंबर घालून सोबत पाठवलेत. खोलीला सकाळी ऊन नाही, दुपारी तीननंतर भरपूर येतं.

कपाटांना कुठला आणि चौकटींना कुठला एवढं सांगा. तुम्ही सांगाल तोच लावणार. धाकट्याला आशीर्वाद. त्याला म्हणावं, वर्षातून एखादं पत्र लिहिल्याने ब्रश वाळत नाही.

माया आहेच, पत्रातूनही येऊ द्या.
तुमची,
थोरली

१४ फेब्रुवारी

चि. सौ. थोरलीस,
अ. उ. आ.

पुठ्ठे मिळाले. हात सारखे दिलेस, कडा सोडल्या तर बरे आहेत. कडांना तुझा हात लहानपणापासून घाईचा.

आता रंगांचं. एक नंबर हळद लागलेल्या बोटाचा आहे. दोन नंबर म्हाताऱ्या माणसाच्या दाताचा. तीन आणि चार सख्खे भाऊ दिसतात, दोघांनाही कावीळ. पाच जरा बरा, पण त्याच्याकडे बघून भूक लागणार नाही. सहा दुकानदाराने तुला का दिला ते त्यालाच विचार. सात नंबर मात्र खरा पांढरा आहे. बेचाळीस वर्षांत असा स्वच्छ पांढरा मी डब्यातून तयार आलेला पाहिला नव्हता, मला मिसळावा लागायचा. कपाटांना सात लाव. चौकटींनाही सातच, फक्त चकाकीवाला, म्हणजे बोटांचे डाग पुसता येतात.

इकडे कामं बरी चालू आहेत. रंग अजून मीच मिसळतो. मिसळला की लाकडाच्या पट्टीवर नमुना ओढून, मागे तारीख घालून मग डबा धाकट्याच्या हाती देतो. त्याला स्वतः मिसळायची फार हौस आहे, पण त्याची नजर अजून कच्ची आहे. गिऱ्हाईकं माझ्या पांढऱ्याचं नाव काढतात. मला मात्र एक गोष्ट खटकते. हल्ली लोकांच्या घरातले दिवे इतके पिवळट असतात की मी मिसळलेला रंग भिंतीवर चढला की पिवळा दिसतो. आपल्या घरातला दिवाही मी तीनदा बदलला. पेपरवालेही शाई वाचवायला लागलेत, अक्षर उठतच नाही.

जावईबापूंना सांगणे की पांढरा एकच असता तर मी उपाशी मेलो असतो.

तुझा,
बाबा

२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. त्यांना दिसेलच असं नाही, म्हणूनच लिहितेय.

त्यांनी सातांतला सात नंबर निवडला. तो पांढरा नाही रे. तो निळा आहे. मी सहाच रंग विकत आणले होते, हा दुकानदाराने वर तसाच दिला, कारण त्याच्याकडून तो कोणी घेत नव्हतं. पाठवायचा म्हणून पाठवला. ह्यांनासुद्धा तो निळा दिसतो आणि ह्यांना आजवर कुठलाच रंग दिसल्याचं मला आठवत नाही. आणि चांगल्या चार नंबरला बाबा कावीळ म्हणतात. अक्षर तर असं लिहिलंय की एका पानावर आठ ओळी मावल्यात.

त्यांच्या डोळ्यांना काय झालंय ते खरं सांग. आणि दुसरं, त्यांना पांढरा असा दिसत असेल तर तुमची गिऱ्हाईकं खूश कशी राहतात, हे मला काही केल्या उमगत नाही. दोन्हींची उत्तरं हवीत. तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा पत्ता लागायला वेळ लागायचा नाही, आता तर लेखी आहे.

रागावले नाही, काळजीत आहे.
तुझी,
ताई

२ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस ते बरं केलंस. मला कोणाला तरी सांगायचंच होतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डिसेंबरात मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले की उन्हाळ्याच्या आत करून घ्या, फार पिकला तर शस्त्रक्रिया अवघड होते, आणि उशीर झाला तर काही वेळा नजर परत येतही नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले की ज्या माणसाच्या दवाखान्याच्या चौकटीवर रंगाचे ओघळ आहेत त्याला बघण्यातलं काय कळतंय. तेव्हापासून विषय बंद.

आता गिऱ्हाईकांचं. दोन वर्षांपूर्वी एका घरी बाबांनी पांढरा मिसळला. मी भिंतीवर पहिला पट्टा ओढला तर तो चक्क निळसर. रंग पांढरा होत नाही असं वाटून ते त्यात निळा वाढवत गेले असणार. घरमालकीण बघत होती आणि आता ती तोंड उघडणार हे मला दिसत होतं. बाबा चहाला गेले होते. मी डब्यात पिवळ्याचे थेंब टाकले, बोटाच्या टोकाएवढा काळा टाकला आणि ढवळलं. बाई म्हणाली की तुमच्या वडिलांचा हात काही औरच. मी हो म्हटलं.

त्यानंतर प्रत्येक डब्यात. सकाळी ते मिसळतात, पट्टीवर नमुना काढतात, डबा मला देतात. ते वळले की मी माझे थेंब टाकतो. काही घरी सहा लागतात, हल्ली अकरा-बारा लागतात. संध्याकाळी भिंत बघून ते दिव्यांना नावं ठेवतात.

म्हणजे डोळे बिघडलेत हे त्यांना कळू नये अशी व्यवस्था मीच केली, ताई. कोणी तक्रार केली असती तर ते केव्हाच स्वतःहून डॉक्टरकडे गेले असते. आणि शस्त्रक्रिया झाली की त्यांना सगळं दिसेल, मी काय करत होतो तेही दिसेल. बेचाळीस वर्षं ज्या गोष्टीवर मान ताठ ठेवली तिच्यात दोन वर्षं पोरगं पाठीमागून हात घालत होतं, हे कळल्यावर त्यांचं काय होईल ह्याची मला भीती वाटते. म्हणून मीही फार जोर केला नाही. हे लिहिताना लाज वाटतेय.

काय करू ते सांग. तुझा लोभ कमी झाला असेल तर तेही कळव.
तुझा,
धाकटा

९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आडवळणाने लिहिणं मला जमत नाही आणि तुम्हाला आवडत नाही. सात नंबर निळा आहे. मी एका कपाटाच्या दाराला लावून बघितला. शेजारीण आली, तिने विचारलं की एकच दार निळं का. ह्यांनी विचारलं नाही, पण ते दार सोडून बाकीची उघडतात.

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे मला कळलंय. कोणाकडून ते विचारू नका, तुमच्या घरात माणसं दोनच आहेत. शस्त्रक्रिया करून घ्या. तुम्ही रागवाल, आठ दिवस बोलणार नाही, ते मी सोसेन. तुम्हाला दिसेनासं झालं तर ते मला सोसणार नाही.

तोवर माझी कपाटं अशीच राहतील. दहा दारं अस्तराची, एक निळं. नव्या डोळ्याने पुठ्ठे बघून तुम्ही रंग सांगेपर्यंत मी ब्रश उचलणार नाही. सुतारालाही तसं सांगून ठेवलंय, त्याला मुठी बसवायला यायचंय. तो म्हणाला की रंगाऱ्याच्या मुलीकडे पुन्हा काम घेणार नाही.

रागासकट पत्र पाठवा.
तुमची,
थोरली

१७ मार्च

चि. सौ. थोरलीस,
अ. उ. आ.

पत्र मिळाले. पोस्टात रंग बदलत नाही हे मला ठाऊक आहे, तरी दोन दिवस तसं समजून बघितलं.

मग सात नंबर धाकट्यापुढे धरला आणि कसा आहे म्हणून विचारलं. तो पांढरा म्हणाला. थोड्या वेळाने निळा म्हणाला. मग घराबाहेर गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत आला नाही. एवढ्याशा प्रश्नाला इतका वेळ लागण्याचं कारण मला कळलं नाही.

कपाटं अडवून धरण्याची तुझी रीत मला पसंत नाही. उघड्या अस्तरावर तेलकट हात लागले की वरचा रंग धरत नाही, हे तुला शिकवलेलं आहे. रंगाऱ्याच्या मुलीचं स्वयंपाकघर असं राहणं बरं दिसत नाही, केवळ त्यासाठी बुधवारी त्या डॉक्टरकडे जातो आहे. आधी उजवा करतील. खरं सांगायचं तर भीती वाटते. डोळा बिघडला तर मी कोण, हे मला अजून सुचलेलं नाही.

तुझा,
बाबा

४ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उजवा डोळा उत्तम झाला. डॉक्टर खूश आहेत. पट्टी काढल्यावर बाबांनी पहिलं वाक्य काय बोलावं, तर दवाखान्याच्या चौकटीवर वाटले होते त्याहून जास्त ओघळ आहेत. डॉक्टरांनी रंगाऱ्याचा पत्ता विचारला.

आता दिवसभर एक डोळा झाकून बघतात, मग दुसरा. साखर बघतात, उशीची खोळ बघतात, माझा सदरा बघतात. कालपासून ते मागच्या खोलीत आहेत. नमुन्याच्या सगळ्या पट्ट्या खाली काढून त्यांनी जमिनीवर तारखेप्रमाणे मांडल्यात. मी दोनदा डोकावलो. आज सकाळी काही न सांगता चप्पल घालून बाहेर गेले आणि जाताना चार पट्ट्या बरोबर नेल्या.

मी कामावर गेलो नाही. बाकीचं पुढे सांगेन.
तुझा,
धाकटा

१३ एप्रिल

चि. सौ. थोरलीस,
अ. उ. आ.

अक्षर लहान झालंय हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

माझ्या पट्ट्या मी तारखेने मांडल्या. डाव्या डोळ्याने जुन्या पिवळट आणि नव्या पांढऱ्या. उजव्याने बघितलं तर दोन वर्षांपूर्वीपर्यंत पांढऱ्या, आणि नंतर एकेक पट्टी निळी होत गेलेली. शेवटच्या तर तुझ्या सात नंबरला मागे टाकतील. मग मी चार गिऱ्हाइकांकडे गेलो. कुठे पोपडे आलेत का बघायला आलो असं सांगितलं. पट्टी भिंतीला लावून बघितली. पट्टी निळी, भिंत पांढरी. चारही घरी तसंच. डबा माझ्या हातून एकाच माणसाच्या हाती जातो, त्यामुळे फार विचार करावा लागला नाही.

राग आला. कोणाचा ते ठरेना. चौथ्या घरच्या बाई म्हणाल्या की असा पांढरा दुसऱ्या कोणाला साधत नाही, आणि मी त्यांच्या पायरीवर जरा बसून घेतलं. दोन वर्षं ज्या पांढऱ्यासाठी लोक माझं नाव काढत होते तो ह्याचा होता. ज्याची नजर कच्ची म्हणून मी चारचौघांत सांगत आलो, त्याचा. एकदाही त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. माझ्याच्याने झालं नसतं.

घरी आलो तर हा स्वयंपाकघरात भांडी घासत होता, घासलेलीच. मी चारही पट्ट्या जागेवर ठेवल्या आणि जेवायला बसलो. सोमवारी नव्या कामावर गेलो. घरमालकाने मला विचारलं की पांढरा कुठला घ्यायचा. मी सांगितलं की त्याला विचारा, आमच्याकडे रंग तो करतो. ह्याच्या हातातला डबा खाली पडला, झाकण होतं म्हणून बरं. मग त्याने मिसळला. मी उजव्या डोळ्याने बघत होतो. मी पिवळ्याचा एक थेंब कमी घातला असता. वाळल्यावर त्याचंच खरं निघालं.

तेव्हा तुझ्या कपाटांचं मला विचारू नकोस. पुठ्ठे त्याच्याकडे दिलेत. पुढच्या महिन्यात डावा डोळा. तो झाला की स्वयंपाकघर बघायला येतो.

जावईबापूंना व मुलांना आशीर्वाद. तू रागावून लिहिलंस म्हणून मी गेलो, हे इथे एकदाच लिहितो.
तुझा,
बाबा

१९ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुठ्ठे तीन दिवस खिडकीत ठेवून सकाळी, दुपारी, दिव्यात असे बघितले. कपाटांना चार नंबर लाव. त्यात किंचित राखी आहे, म्हणून तुझं दुपारचं ऊन त्यावर पिवळं पडणार नाही. चौकटींना आणि तळाच्या पट्टीला पाच, चकाकीवाला. तो चारपेक्षा थोडा उजळ आहे, त्यामुळे चौकट कपाटांपासून वेगळी उठेल. निळ्या दाराला आधी घासकागद मारून पुन्हा अस्तराचा एक हात दे, नाहीतर निळा वर डोकावेल. तेलकट हात लागले असतील तिथे आधी साबणाने पूस.

दुकानातून तयार डबा घेऊ नकोस. मी इथून मिसळून पाठवतो. चारमध्ये एक गोष्ट मला कमी वाटतेय, ती घालतो.

हे पत्र मी बाबांना वाचायला दिलं, म्हटलं काही बदलायचं असेल तर सांगा. त्यांनी दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने वाचलं. खाली त्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणाले, म्हणून जागा सोडतोय.

तुझ्या घरातल्या सगळ्यांना नमस्कार, आणि माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे.
तुझा,
धाकटा

ता. क.
चि. थोरली, वरचं वाचलं. त्याने तुझा डबा आत्ताच माझ्यासमोर मिसळून बंद केला. मी त्यात एक थेंबही घातलेला नाही.
बाबा