पाचव्या सेमिस्टरचा प्रश्न

धुळे, ९ नोव्हेंबर २०२५

चि. पुनमला आत्याचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीत पारोळ्याला तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. फोन करावा, तर सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून आमचा फोन कायम स्पीकरवर असतो. आणि लिहायचं आहे ते त्यांच्याच भाच्याविषयी. म्हणून हा कागद.

दोंडाईच्याचे ते भाचे, हेमराजभाऊ, येऊन गेले. त्यांच्या कुंदनला तू पसंत आहेस. त्यांचा मिरचीचा व्यापार तू जाणतेसच. माणसं सरळ आहेत, मुलगा निर्व्यसनी आहे. लग्न मे महिन्यात, तुझं दुसरं वर्ष संपलं की करू म्हणतात. तुझ्या शिक्षणाचं मी आधीच काढलं. ते म्हणाले, आता नव्या पद्धतीत दोन वर्षं झाली की पदविका मिळते, पुढे वाटलं तर परत शिकता येतं. हे ऐकून आमचा प्रेमराज, म्हणजे तुझे पप्पा, खूश झाला. दोन वर्षांत कागद हातात येणार, मग तिसऱ्याची घाई कशाला, असं तो म्हणतो. मलाही ते पटलं आणि मी तोंडी होकार दिला. तुझं काय ते मोकळेपणी लिही. त्या हॉस्टेलच्या डब्यात भाजी बरी देतात का? दिवाळीत फार वाळलेली दिसलीस.

आठवण ठेव आणि उत्तराला उशीर करू नकोस.
तुझी, रत्ना आत्या


जळगाव, १६ नोव्हेंबर २०२५

ती. रत्ना आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भाजी बरी असते, वरण पातळ असतं.

कुंदनविषयी माझी तक्रार नाही. दिवाळीत दहा-पंधरा मिनिटं बोललो तेवढ्यात त्यांनी मिरची वाळवायच्या पथाऱ्यांची सगळी माहिती दिली, आणि ती ऐकायला मला आवडली. पण मी मध्येच थांबणं तुम्हाला जितकं सोपं वाटतंय तितकं ते नाही. तू माझ्या बी. ए. ला भाषणबाजी म्हणतेस, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

अर्थशास्त्र हा माझा मुख्य विषय, म्हणजे मेजर. व्यवसाय व्यवस्थापन हा मायनर. पहिल्या वर्षी सगळ्याची तोंडओळख होते. बाजारात भाव कसा ठरतो, जमाखर्च कसा मांडतात, थोडं गणित, इंग्रजी, आणि दुसऱ्या शाखेतला एखादा विषय. दुसऱ्या वर्षी देशाचं उत्पन्न, बँका, संख्याशास्त्र असतं. मायनरमध्ये मार्केटिंग येतं. एक प्रकल्प गावात जाऊन करायचा असतो. इथपर्यंत दोन्ही विषय शेजारच्या दोन वर्गांसारखे चालतात, एकाचा दुसऱ्याला पत्ता नसतो. तिसऱ्या वर्षी ते एकत्र येतात. परदेशी व्यापार, सरकारचा अर्थसंकल्प, आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधायची अर्थमिती, आणि एखाद्या व्यवसायात जाऊन प्रत्यक्ष काम. मग पदवी. चौथं वर्ष ऑनर्सचं, ते ज्याला हवं त्याने करावं.

त्या प्रकल्पासाठी मैत्रीण मेघा आणि मी चोपड्याला केळी लावणाऱ्यांच्या गटाकडे गेलो होतो. गटातल्या पुष्पाबाईंनी विचारलं, आम्हाला शीतगृह बांधायचं आहे, पण सगळ्यांनीच बांधलं तर भाव टिकेल का? मी मागणी-पुरवठ्याची आकृती काढून दाखवली. त्या म्हणाल्या, मग बांधू की नको ते सांग. मला सांगता आलं नाही. परत आल्यावर सरांना विचारलं, तर ते म्हणाले, हे पाचव्या सेमिस्टरला येईल. आत्या, पाचवं सेमिस्टर तिसऱ्या वर्षात असतं.

पदविका आपोआप मिळत नाही, हेही पप्पांना सांग. दोन वर्षांनी बाहेर पडायचं तर उन्हाळ्यात वेगळं प्रशिक्षण करावं लागतं. आणि परत यायची सोय आहे, पण तिला मुदत आहे.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी भाची, पुनम


धुळे, १८ जानेवारी २०२६

चि. पुनम, अनेक आशीर्वाद.

रागावले होते. तोंडी होकार दिलेला माणूस तोंडघशी पडतो, याचा तू विचार केला नाहीस असं वाटलं. नंतर पत्र पुन्हा वाचलं.

मग इथल्या एका कॉलेजात गेले. ऑफिसातल्या बाईंना विचारलं, मध्येच गेलेल्या मुली परत येतात का. त्या म्हणाल्या, नियम नवा आहे, अजून तरी कोणी आलेली पाहिली नाही. जुन्या पद्धतीत सोडून गेलेल्याही आल्या नव्हत्या, असं त्या स्वतःहूनच बोलल्या.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी दोंडाईच्याला गेले आणि हेमराजभाऊंना सरळ विचारलं की लग्नानंतर ती कुठे शिकेल, कधी शिकेल. ते म्हणाले, बघू. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, मिरचीच्या हंगामात घरातून कोण हलतं? कुंदन खाली बघत बसला होता. मी एक वर्ष थांबायची विनंती केली. कळवतो म्हणाले.

पारोळ्याला फोन केला तर प्रेमराज इतका चिडला की गावाकडच्या बोलीवर आला. ‘अक्का, पोर मनी शे, मी देखसू,’ पोर त्याची, तोच बघेल, एवढंच सुनावलं आणि फोन ठेवला. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, पण असा तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. इथे सासूबाईंनीही अबोला धरला आहे. मी मात्र केलं ते बरोबरच केलं असं मला वाटतं. तू अभ्यास कर.

जीव लावून आहे, हे विसरू नकोस.
रत्ना आत्या


जळगाव, २० एप्रिल २०२६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हेमराजकाकांचा नकार मार्चमध्येच आला, तुला कळलं असेल. कुंदनने मला मेसेज पाठवला होता. वडिलांसमोर बोलायला हवं होतं, जमलं नाही, असं लिहिलं होतं. मी ठीक आहे म्हणून कळवलं. वाईट वाटलं, पण किती ते नीट सांगता येत नाही.

आता स्थळही नाही, तरी पप्पांचा निर्णय तोच आहे. पदविका घे आणि घरी ये. उन्हाळ्यातलं प्रशिक्षण आपल्याच बियाण्यांच्या दुकानात कर, असं त्यांनी आईकडून कळवलं. कॉलेजने त्याला मान्यता दिली आहे. ते माझ्याशी फोनवर बोलत नाहीत. तुझ्याशीही बोलत नाहीत, असं आई म्हणाली. माझ्यामुळे तुम्हा बहीण-भावांत हे झालं, याचा त्रास होतो. म्हणून मी आता वाद घालणार नाही. परीक्षा संपली की पारोळ्याला जाईन आणि ते म्हणतील तिथे सही करीन. तूही माझ्यासाठी आणखी कोणाशी भांडू नकोस.

तुझा हात डोक्यावर असू दे.
पुनम


पारोळा, ५ जुलै २०२६

ती. रत्ना अक्कास, प्रेमराजचा शि. सा. नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. फोन लावतो आणि तू उचलायच्या आत बंद करतो, म्हणून लिहितो.

पुनम मेपासून दुकानात बसली. सांगितलं ते सगळं केलं. उलट एक शब्द बोलली नाही. या पोरीने आजवर माझं एक वाक्य सरळ जाऊ दिलेलं नाही, हे तुला माहीत आहे. मला वाटलं, चार दिवसांत भांडायला उभी राहील. मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ती भांडलीच नाही. जेवायला बोलावलं की जेवायची, विचारलं तेवढंच सांगायची. तिची आई म्हणाली, घरात पाहुणी आल्यासारखं वाटतं.

मागच्या आठवड्यात आम्ही जळगावला कॉलेजात गेलो. सरांनी विचारलं, पदविका घेऊन बाहेर पडायचं की तिसऱ्या वर्षाला प्रवेश? मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी बोलेल. तिने पेन घेतला आणि सही कुठे करायची ते सरांना विचारलं.

अक्का, ती सही करणार होती. मी म्हणतो म्हणून, काही न बोलता. मला एकदम भीती वाटली. मी तिच्या हातातला पेन काढून घेतला आणि सरांना म्हणालो, तिसरं वर्ष लिहा. सरांनी दोनदा विचारलं. ती बाहेर आली आणि पायरीवर बसून खूप रडली. मी शेजारी उभा राहिलो.

येताना गाडीत तिने पाचव्या सेमिस्टरचे विषय सांगायला सुरुवात केली. मी म्हणालो, अर्थमिती वगैरे आपल्या धंद्यात काही कामाची नाही. त्यावर एरंडोलपासून घरापर्यंत माझ्याशी भांडत आली. मला फार बरं वाटलं.

जानेवारीत फोनवर बोललो ते चुकलं. राखीला इकडे ये. घ्यायला मी स्वतः धुळ्याला येतो. दारात आलो तर परत पाठवू नकोस.

तुझा लहान भाऊ,
प्रेमराज