आईचे पिवळे फोटो

चि. अमृत यास,

थोरल्या भावाचे, म्हणजे आकारामचे, आशीर्वाद. तू, समीक्षा आणि लेकरं खुशाल असाल. इकडचंही सगळं बरं आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोन लावला की आई कान देऊन शेजारी बसते, आणि मला जे सांगायचंय ते तिच्यासमोर सांगता येत नाही. (दिवसभर सोनं गाळणाऱ्या माणसाला साधा कागद वाचायला सवड मिळेल, असं धरून चालतो.)

आधी कॅमेऱ्याचं. तू कोईमतूरहून पार्सल पाठवलंस आणि म्हणालास, "दादा, लय सोपं हाय. भिंतीला ठोक, वायर जोड. फोटू आपसूक सर्व्हरवर जात्यात, मी हितनं आईला बघीन." सोपं तुला. कवठे महांकाळहून सूरज आला, दुकानांत कॅमेरे बसवणारा. त्याने ओसरीत आईच्या खाटेकडे तोंड करून कॅमेरा लावला आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला, तर तुझा सर्व्हर काही केल्या फोटो घरात घेईना. तू सांगितलेल्या पासवर्डात मोठं अक्षर कुठलं आणि बारकं कुठलं, यावरून आमची दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी तूच तिकडून पासवर्ड बदललास. मग फोटो जायला लागले, पण कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं. आई मध्यरात्री उन्हात बसून काय करतीया, असा तुझा फोन! तेही सूरजने निस्तरलं, चहा घेतला आणि गेला.

तो गेल्यावर आईने भंडाऱ्याचा डबा काढायला लावला. आपल्यात बैल येवो, मोटरसायकल येवो नाहीतर मिक्सर येवो, बिरोबाच्या नावाने भंडारा उधळल्याशिवाय वस्तू घरची होत नाही, हे तू विसरला नसशील. मी मूठ भरली आणि चांगभलं म्हणून उधळली, ती थेट भिंगावर. (नेम माझा लहानपणापासून चांगला.) "लागला का रं नीट?" आईने विचारलं. मी म्हटलं, लागला की.

पुढचे सगळे फोटो तुझ्याकडे पिवळे गेले. भिंत पिवळी, खाट पिवळी, आईही पिवळी. तू घाबऱ्याघाबऱ्या फोन केलास, "दादा, आईला कावीळ झालीया, तुला दिसत न्हाई व्हय?" मीही असा शहाणा, की आई समोर बसलेली असताना तुझ्या फोटोवर विश्वास ठेवला. (त्या संध्याकाळी ती मलाही जरा पिवळीच वाटली.) तुझ्या अंजनावहिनीने तिचं तेल-तिखट बंद करून उसाचा रस चालू केला. "मला काय धाड भरलीया रं?" म्हणून आई ओरडत असतानाच गाडी करून तिला मिरजेला नेलं.

डॉक्टरांनी तिचे डोळे उघडून पाहिले. कावीळ नव्हती. पण मग त्यांनी तिच्यापुढे बोटं धरली आणि किती आहेत म्हणून विचारलं. आई हसून म्हणाली, "तुमीच सांगा की आता, डाक्टरसायेब."

अमृत, तिचे दोन्ही डोळे गेलेत. काचबिंदू म्हणाले. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, ही गेलेली नजर परत येत नाही. ओसरी, चूल, न्हाणी सगळं तिच्या पायाखालचं, त्यामुळे आम्हाला पत्ताच लागला नाही. येताना मला गाडीत रडू आवरेना, आणि तीच माझी पाठ थोपटत होती. तिने शपथ घातलीय, तुला कळू द्यायचं नाही. "तिकडं आगीपुढं बसतंय ते, त्येच्या जिवाला घोर नगं."

आता रोज सकाळी ती धुतलेलं लुगडं नेसते, पदर सारखा करते आणि खाटेवर बसून राहते. शेजारी बोलवायला आले तरी उठत नाही. "उठले आन् तवाच फोटू निघाला तर? मोकळी खाट बघून त्यो भ्यायचा." अधूनमधून मला विचारते, "बघतोय नव्हं त्यो?" मी म्हणतो, बघतोय की. मला ते खरंच माहीत नाही रे.

बाकी ठीक. समीक्षाला सांग, लेकरांना जप.

तुझा दादा,
आकाराम

ता. क. भिंग पुसून घेतलंय. इथून पुढे फोटो स्वच्छ येतील.

दुसरा ता. क. स्वच्छ येऊन तरी काय करायचंय? तू तिला बघशील, तिने तुला कसं बघायचं? एकदा येऊन जा. शपथ मोडल्याच्या शिव्या मी खाईन. आलास की बोलू नकोस, तिच्यापुढे बस आणि मान खाली घाल, म्हणजे तिचा हात डोक्यावरून फिरेल. तुला टक्कल पडलंय हे मी तिला सांगितलेलं नाही.