यादीतल्या लाल ओळी

५ ऑगस्ट

ती. दादास,
बिट्टीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या मनाचं ऐकतोस, म्हणून पत्र. काम अडलंय.

गेल्या महिन्यात माझ्याकडून दोन कवळ्या उशिरा गेल्या. त्यातली एक निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांची. त्यांना निरोपाचं भाषण पुढच्या चार दातांशिवाय करावं लागलं आणि पहिल्या रांगेतली मुलं म्हणे तोंडाला रुमाल लावून बसली होती. दातांच्या डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, की सप्टेंबरअखेरपर्यंत बघू. तोवर आणखी एक जरी काम उशिरा आलं, तर सगळं काम मोठ्या लॅबला. माझ्याकडच्या चार कामांतली तीन त्यांचीच असतात. ती गेली तर कवळ्या बनवायची ही मागची खोली बंद करून मलाही त्याच लॅबमध्ये कुणाच्या तरी हाताखाली जाऊन बसावं लागेल. एक्कावन्नाव्या वर्षी मला ते नको आहे, दादा.

हाताने मी कमी नाही, तुला माहीत आहे. माझं घोडं अडतं ते तारखांपाशी. भिंतीवर चिठ्ठ्या लावते, पंखा लावला की त्या उडतात. परवा एक चिठ्ठी प्लास्टरच्या साच्याच्या बुडाला चिकटलेली सापडली, तीही साचा वाळल्यावर. दवाखान्यात फोन घेणारी मुलगी म्हणाली, की मावशी, कामांची यादी ठेवणारं एखादं ॲप घ्या. शोधलं तर शंभरएक निघाली, आणि प्रत्येकाचा दावा असा, की तुमचं आयुष्य आम्हीच मार्गी लावू. तू तीस वर्षं कारखान्यात कुठलं काम कुठल्या मशीनवर कधी जाणार हे ठरवत आलास. तूच सांग, कुठलं घेऊ?

वहिनीला नमस्कार. माझ्या वेंधळेपणावर हवं तेवढं हस, पण लोभ पातळ करू नकोस.

तुझी,
बिट्टी


९ ऑगस्ट

चि. बिट्टीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी मुख्याध्यापकांचं वाईट वाटलं, मग हसू आलं, मग हसल्याबद्दल वाईट वाटलं.

तुझं चुकतंय ते असं, की तू एकदम ॲप शोधायला निघालीस. आधी काम मोज. माप आलं, की तू साचा ओततेस. मग मेणात दात लावून डॉक्टरबाईंकडे पाठवतेस, त्या माणसाच्या तोंडात बसवून बघतात, परत आलं की तू पक्कं करून पॉलिश मारतेस. म्हणजे एका माणसामागे पाच कामं आणि पाच तारखा, आणि तू चिठ्ठी लिहिणार एकच, ‘अमुक काकांची कवळी’. चिठ्ठी उडाली नसती तरी घोळ झालाच असता.

तुझे हात कायम प्लास्टरने माखलेले. तेव्हा नवं काम लिहायला दहा सेकंदांवर वेळ लागेल असं ॲप घेऊ नकोस. आणि तारीख उलटली, की त्याने तुला गप्प बसू देता कामा नये. बाकी रंगरंगोटीला भुलू नकोस.

आमच्या कारखान्यात साधा फळा होता. शनिवारी पाच वाजता राहिलेली सगळी कार्डं काढून मी सोमवारच्या रकान्यात लावायचो. सोमवारी फळा कसा लख्ख. साहेब बाहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे.

मीसुद्धा टॅबवर दोन ॲप्स घेऊन बघतोय. एकात ‘दाढी’ असं लिहून ती झाल्याची खूण केली, तर त्याने माझं अभिनंदन केलं. तुझ्या वहिनीचं म्हणणं, की निवृत्त झाल्यापासून चौदा महिने मी तिच्या कपाटांची आणि धुण्याची वेळापत्रकं करतोय. बिट्टीने याला कामाला लावलं तर तिचे उपकार विसरणार नाही.

कळव. आशीर्वाद आहेतच, ते मागून घ्यायची तुला गरज नाही.

दादा


१९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तीन बघितली. सांगते.

पहिल्यात एक झाड असतं. काम केलं की त्याला पानं फुटतात, नाही केलं की ते मान टाकतं. मला त्या झाडाची इतकी दया आली, की एका रविवारी मी पाणी पिणे, खिडकी उघडणे, खिडकी लावणे अशी अकरा कामं लिहिली आणि अकराही केली. झाड बहरलं. कवळ्या होत्या तिथेच.

दुसऱ्यात रकाने, रंग, लेबलं, तक्ते, काय नाही ते विचारू नकोस. वरच्या जबड्याला निळा आणि खालच्याला हिरवा असं ठरवण्यात तीन दिवस गेले. सगळं इतकं देखणं झालं, की त्यात नवं काम घालून ते विसकटायची हिंमत होईना.

तिसरं अगदीच कोरडं. काम लिहा, तारीख-वेळ घाला, संपलं. वेळ उलटली की ओळ लाल होते आणि काम होईपर्यंत लालच राहते. मला ते आवडलं असं नाही म्हणणार, त्या लाल ओळी मला बघवत नाहीत. पण लिहायला सात सेकंद लागतात, मी मोजले. महिनाभर फुकट आहे, पुढचं पुढे.

त्यात आणखी एक सोय आहे. यादी दुसऱ्या कुणाला वापरायला देता येते. मी तुला दिली आहे, तू टॅबवर होकार दे. माझ्याइतकेच सगळे अधिकार तुला आहेत. एवढंच कर, की अधूनमधून नजर टाक. सप्टेंबर पार पडेपर्यंत कुणीतरी मागे उभं आहे असं वाटलं, तरी मला पुरे.

पाच-पाच तारखा घातल्यात हं. तुझं ऐकलं नाही असं म्हणायला जागा ठेवली नाही.

मोठ्यांनी लोभात काटकसर करू नये.

बिट्टी


२७ ऑगस्ट

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी माझ्याकडे उघडली. सकाळच्या चहाबरोबर एकदा आणि चारच्या चहाबरोबर एकदा बघतो. कोण कुठल्या टप्प्यावर आहे ते आता मला तोंडपाठ झालंय. त्या वकीलसाहेबांच्या खालच्या कवळीचं मेण परत आलं की नाही, याची काल मला इतकी चिंता लागली, की तुझ्या वहिनीने विचारलं, कुठले वकील, आपल्यावर काही खटला आहे का?

शनिवारी पाच वाजता तीन ओळी लाल होत्या. मी त्या आवरून ठेवल्या. दर शनिवारी आवरून ठेवीन, म्हणजे सोमवारी यादी उघडल्यावर तुला लाल बघावं लागायला नको. माणसाने आठवडा स्वच्छ पाटीवर सुरू करावा.

बरं वाटतंय, बिट्टी. उगाच लपवत नाही. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या नजरेखाली काम करतंय.

प्रेम आहे तसंच ठेव, तब्येत मात्र आहे त्यापेक्षा बरी ठेव.

दादा


३ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत आहे, चारच ओळी. सलग दोन सोमवार यादीत लाल काहीही नाही. मला वाटतं, मी सुधारले. तुला पहिलं पत्र लिहिल्यापासून एकही काम उशिरा गेलेलं नाही. डॉक्टरबाई परवा स्वतःहून हसल्या, आणि त्या सहसा स्वतःचे दात दाखवत नाहीत. अजून सत्तावीस दिवस काढायचे आहेत.

वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, की नवऱ्याला मी कामाला लावलंय, आता उपकार लक्षात ठेव.

लोभ चालू ठेवावा.

बिट्टी


११ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जे व्हायला नको होतं ते झालं.

बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचे पुढचे सहा दात माझ्याकडे होते. समोर दात नसले, तर वाजवताना ओठ टेकायला आधारच राहत नाही, म्हणून गुरुवारच्या कार्यक्रमाआधी ते हवे होते. मेणातले दात सोमवारी सकाळी नऊला दवाखान्यात पोचायचे होते. नऊला ते गृहस्थ खुर्चीत तोंड उघडून बसले आणि मेण माझ्या टेबलावर, अर्धवट. संध्याकाळी मी स्वतः नेऊन दिलं, पण पुढचं सगळं एक दिवसाने मागे गेलं. उद्या त्यांच्या जागी दुसरा माणूस वाजवणार आहे.

डॉक्टरबाईंना सांगितलं, की तारीख बघण्यात माझी चूक झाली. त्यांनी शुक्रवारी, वीस तारखेला, बोलावलंय. काय सांगणार ते मला ठाऊक आहे. मोठ्या लॅबमध्ये चौकशी करून आले. तिथे पंचवीस जणी एका लांबच लांब टेबलाला बसतात, प्रत्येकीकडे एकच टप्पा. मला बहुधा पॉलिश देतील.

रडबिड काही केलं नाही, काळजी करू नकोस. तू सांगितलेलं सगळं बरोबर होतं. लोभ असू दे.

बिट्टी


१४ सप्टेंबर

चि. बिट्टीस,

आशीर्वाद द्यायचा अधिकार या पत्रापुरता बाजूला ठेवतो.

तुझं पत्र वाचून यादी उघडली. त्या गृहस्थांच्या मेणाच्या ओळीला टिचकी मारली, तर खाली तिचा सगळा इतिहास येतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. तू तारीख घातली होतीस शनिवार, सात सप्टेंबर, दुपारी चार. शनिवारी पाच वाजून चार मिनिटांनी ती सोमवारवर नेली. कोणी, ते नावानिशी लिहिलंय. मी नेली.

डॉक्टरबाईंकडे ते मेण सोमवारी नऊला हवंय, हे मला कुठून माहीत असणार? पण मी विचारलंही नाही. लाल दिसलं आणि हात गेला. तीस वर्षांची सवय.

तुला एक सांगतो, जे तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. तो फळा मी शनिवारी आवरायचो, कारण सोमवारी साहेब यायचे. कामं त्याने एकही कमी झाली नाहीत. तिथे निभावून जायचं, कारण सोमवारी सकाळी सगळ्या मिस्त्रींना उभं करून मी एकेक कार्ड वाचून दाखवायचो. ते वाचून दाखवणं हेच खरं काम होतं आणि मला वाटत राहिलं, की आवरणं हे काम आहे. तुझ्याकडे मी नुसतं आवरलं.

सोबत डॉक्टरबाईंच्या नावाने वेगळं पत्र आहे. उशिराचं कारण मी आहे, असं त्यात सही करून लिहिलंय. वीस तारखेला ते दाखवायचं. माझ्यावर पांघरूण घालू नकोस, हे मी मोठा म्हणून सांगतो. यादीतून मी आजच बाहेर पडलो आहे.

तुझी खोली माझ्यामुळे जात असेल, तर मला ते सहन होणार नाही, बिट्टी.

दादा


२१ सप्टेंबर

ती. दादास,
बिट्टीचा सा. न. वि. वि.

काल डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. आधी ते सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल, निदान अर्धा तरी. पूर्ण कवळ्यांचं काम माझ्याकडे राहिलं. पुढचे दात, घाईची कामं आणि ज्यांना कुठे बोलायचं-वाजवायचं आहे अशी माणसं वर्षअखेरपर्यंत लॅबकडे जातील. त्यानंतर बघू म्हणाल्या. म्हणजे निम्मं गेलं, निम्मं उरलं. खोली चालू राहते. मी मान डोलावली आणि दुपारी येऊन कामाला बसले.

तुझं पत्र मी दाखवलं नाही. रागावू नकोस, ऐक. ती तारीख तू हलवलीस, हे मला त्याच सोमवारी साडेनऊला कळलं होतं. ओळीखाली इतिहास दिसतो, हे मला आधीपासून माहीत होतं. शनिवारी सात वाजता यादी उघडली, तेव्हा ट्रम्पेटवाल्यांचं काम सोमवारच्या खाली दिसलं. मला पक्कं आठवत होतं, की ते आजचं आहे. पण माझ्या आठवणीपेक्षा यादी खरी, असं म्हणून हत्यारं धुऊन ठेवली आणि रविवारी पडदे धुतले. सलग दोन सोमवार लाल काही नव्हतं, आणि मी एवढी कामसू नाही, हे मला एक्कावन्न वर्षं माहीत आहे. तू तर पत्रात लिहूनही कळवलं होतंस, की आवरून ठेवीन. मी ते वाचलं, मला गोड वाटलं आणि पुढे गेले. लाल ओळ बघायला नको, म्हणूनच मी तुला अधिकार दिले होते, दादा. तू जे केलंस ते मला हवंच होतं. मग डॉक्टरबाईंना तुझं पत्र कशाला दाखवू?

तुलाही कळवलं नाही, कारण कळलं की तू बाहेर पडणार, हे दिसत होतं. वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, की आठवडाभर तुला टॅब हातात धरवत नाही आणि चारला चहा घेतोस तो उभ्या उभ्या. मला ते सहन होत नाही.

तेव्हा आता ठरलेलं ऐक. हेच कोरडं ॲप मी वर्षभरासाठी घेतलं. दुसरं बघायचं नाही, कारण कोणी काय हलवलं ते हे लपवत नाही. तुला पुन्हा आत घेतलंय, होकार दे. तारखा हलवायची मुभा काढून टाकली आहे, बघायची आहे आणि प्रत्येक ओळीखाली चार शब्द लिहायची आहे. सोमवारी सकाळी मिस्त्रींना वाचून दाखवायचास तसं मला लिहून विचार, की हे का राहिलं. मी उत्तर देईन. तुझ्याशिवाय मला असं विचारणारं कोणी नाही.

आज शनिवार. पाच वाजलेत आणि दोन ओळी लाल आहेत. त्या तशाच राहू देत. मी त्यांच्याकडे बघत बसले आहे, तूही बघ.

वहिनीला नमस्कार, तुला वाकून, आणि लोभाची तारीख कुणी पुढे ढकलायची नाही.

तुझीच,
बिट्टी