लोंबणारी टोकं

तळावरून,
मंगळवार, ता. ३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग खुशाली. आत्या, पुढची सफर माझी! माझी म्हणजे एकटीची! आजवर मी मोठ्या बाईंच्या मागून चालत होते आणि परतल्यावर तंबू धूत होते. काल त्यांनी मला बोलावून सांगितलं की बुधवारी, ११ तारखेला निघणारी बायकांची तुकडी तू ने. त्या बरोबर येणार, पण तीन दिवस अवाक्षर काढणार नाहीत. नीट नेऊन नीट आणली, तर या हंगामापासून मी इथली पक्की गाइड. नाहीतर कोठी आणि तंबू आहेतच. हे ऐकून मी कोठीत जाऊन उड्या मारल्या आणि वरचा कंदील डोक्यात घेतला. टेंगूळ लिंबाएवढं आहे.

पाच जणी येताहेत. पाठीवर सॅक घेऊन डोंगर चढणं आणि तंबूत झोपणं पाचही जणींना नवीन आहे. एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक नर्स, एक बेकरीवाली आणि दोघी जावा. जावांनी एका तंबूत झोपणार नाही असं आधीच कळवून टाकलंय. सहावीने ऐन वेळी नाव काढून घेतलं, तिची जागा रिकामी आहे. तू ये ना! टाच दुखते, दुकान आहे, ही दोन्ही कारणं मला पाठ आहेत, तिसरं काहीतरी सांग.

आता काम. व्हॅनबरोबर सहा सॅक पाठवतेय. कुणाची चेन तुटलीय, कुणाची शिवण उसवलीय. व्हॅन मंगळवारी आणि शुक्रवारीच सकाळी शहरात उतरते आणि संध्याकाळी वर येते, तेव्हा शुक्रवारी ड्रायव्हरकाकांच्या हाती सॅक परत दे. इथे फोनला रेंज नाही, त्यामुळे काही विचारायचं असलं तरी विचारू नकोस, तुझ्या मनाने कर. तुझ्या हातचं काम मला तपासायचीही गरज नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तरी माझी तक्रार नाही.

तुझी,
भिंगरी


दुकानातून,
शुक्रवार, ता. ६

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा स्वतःसाठी वाचलं आणि एकदा समोरच्या चष्मेवाल्याला वाचून दाखवलं. त्याला आता वाटतंय की तू हिमशिखरं वगैरे चढतेस. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

सॅक तयार आहेत. चेन सहाही नव्या घातल्या, उसवलेल्या जागी दुहेरी टीप मारली. कापड कसलं ग ते? तीन सुया मोडल्या. पण आत्याने हात लावला की वस्तू नुसती दुरुस्त होत नाही, देखणी होते. तुला एक आश्चर्य ठेवलंय. त्या सॅकच्या पट्ट्यांची टोकं बकलांतून वीत वीत लोंबत होती, खांद्याशी, छातीशी, कमरेशी, सगळीकडे! ज्याने कुणी त्या शिवल्या त्याला कामाची लाज नसावी. मी एकेक सॅक पाठीवर चढवून ट्रायल रूमच्या आरशात पाहिली, पट्टे अंगाबरोबर ओढले आणि उरलेली टोकं कापून कडांना तुरपाई केली. सहाही सॅक आता लग्नाच्या ब्लाउजसारख्या बसतात. मोठ्या बाईंना मुद्दाम दाखव.

आता तुझ्या रिकाम्या जागेबद्दल. टाच आणि दुकान खरं आहे. तुझे आतोबा गेल्यापासून अकरा वर्षांत हे दुकान एक दिवस बंद राहिलं नाही. पण तिसरं कारण मागितलंस म्हणून सांगते. मी हळू चालते ग. बाजारात जातानाही शेजारीण दर दुकानाशी माझ्यासाठी थांबते, आणि तिचं ते थांबणं मला सोसत नाही. तुझ्या परीक्षेच्या दिवशी सगळी तुकडी माझ्यासाठी खोळंबून राहिलेली मला बघवणार नाही. तू जा, ऐटीत जा, आणि सगळं लिहून कळव.

डोक्याला तेल लाव आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या


तळावरून,
शनिवार, ता. ७
(व्हॅन मंगळवारीच निघेल)

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, काय केलंस ग हे!

काल सॅक आल्या तशा मी खुंटीला लावल्या. आज सकाळी एक भरली, दहा किलो, आणि पाठीवर घ्यायला गेले तर दुसरा हात पट्ट्यात शिरेना. ती टोकं उरलेली नव्हती, ठेवलेली होती! रिकामी सॅक अंगाला चिकटते. भरली की पट्टे सैल करावे लागतात, जाड जाकीट घातलं की आणखी सैल, आणि बेकरीवालीने कळवलेली मापं पाहता तिला सगळ्यात जास्त सैल. पट्टा सोडायचा तर टोक हवं, आणि टोकं तू कापलीस. सहाच्या सहा!

बाकीच्या सॅक दुसऱ्या तुकडीने नेल्या आहेत, ती १५ तारखेशिवाय परतत नाही. मी कोठीत बसून रडले, खोटं कशाला सांगू. मोठ्या बाईंनी दारातून पाहिलं आणि सफर तुझी आहे, तूच बघ, एवढं म्हणून गेल्या. बुधवारी आठला निघायचंय. सॅक नसतील तर त्या पाच जणींना दारातूनच परत पाठवायचं, आणि मग मी जन्मभर तंबू धुवायचे.

तू चिंधी टाकत नाहीस हे मला माहीत आहे. कापलेली टोकं मंगळवारी ड्रायव्हरकाकांकडे दे, मी तंबूच्या सुईने जोडून बघते. मला तुझा भयंकर राग आलाय. पत्र लिहितालिहिता निम्मा ओसरला.

उरलेला निम्मा भेटीत काढेन, तोवर लोभ धरून राहा.

तुझी,
भिंगरी


डोंगरावरून,
शुक्रवार, ता. १३, सकाळ

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वहिनी, दचकू नका. पत्रावर लिहिलंय ते खरं आहे, मी डोंगरावर आहे. तंबूबाहेर सॅकला टेकून बसलेय आणि लेकीची खुशाली तुमच्याआधी मी बघतेय. सॅकच्या पट्ट्यांची माझी करणी तिने तुम्हाला कळवलीच असेल. मंगळवारी तिचं पत्र वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर मी लोकांच्या कपड्यांत आतून माया सोडत आले, उद्या अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. आणि इथे शहाणीने बाहेरची टोकं छाटली!

टोकं डब्यात होती, पण जोडून उपयोग नव्हता. जोडाची गाठ बकलातून सरकत नाही. मग कोपऱ्यावरच्या बॅगवाल्याकडून पट्टीचं अख्खं रीळ आणलं, कात्री, जाड सुया आणि मेणाचा दोरा घेतला, दुकानाला कुलूप घातलं आणि ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसले. पाटी लावायचंही सुचलं नाही. मला पाहून पोरीचा चेहरा असा काही झाला की उरलेला राग बहुतेक तिथेच गळून पडला.

बुधवारी सकाळी पाचही जणींना मी आधी सॅक भरायला लावल्या, पाठीवर चढवल्या आणि मग टेप लावला. हेच पहिल्यांदा करायला हवं होतं. शिलाई सगळी हाताने. आठ वाजले, नऊ वाजले, मोठ्या बाई घड्याळ मांडीवर घेऊन बसलेल्या, तोंडात मिठाची गुळणी. पाचवी सॅक झाली तेव्हा अकराला दहा कमी होते. मी म्हटलं सुटले, आता व्हॅन येईपर्यंत तळावर पडून राहीन. तर भिंगरीने सगळ्यांसमोर सांगितलं की ताजी हातशिलाई वजनाखाली कशी टिकते ते बघायला शिवणारी बरोबर हवी, नाहीतर ती तुकडी नेणार नाही. मी हळू चालण्याचं रडगाणं लावलं. तिने ऐकून घेतलं, सहावी सॅक आणून माझ्या पाठीवर चढवली, आणि वहिनी, ती माझ्याच मापाने कापलेली! निम्म्या वजनाला चपखल बसली. मग भिंगरीने मला रांगेत सगळ्यात पुढे उभं केलं आणि बाकीच्यांना बजावलं की आत्याला कुणी ओलांडायचं नाही.

पहिला तास मला मेली लाज वाटत होती. मागे सात जणींचे श्वास ऐकू येत होते, आणि वाटत होतं आता कुणीतरी सुस्कारा टाकेल. पण चढ लागला तसं मुख्याध्यापिकाबाई मागून म्हणाल्या की आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या चालीने चालतंय. बेकरीवालीने गाणं म्हणायला घेतलं. थांबायचं तिथे मी थांबायचे आणि सगळ्या थांबायच्या, म्हणजे माझ्यासाठी थांबणारं असं कुणी उरलंच नाही! खिंडीत पोचलो तर ढग आमच्या खाली. मी ओरडले वहिनी, या वयात, मोठ्याने! नर्सबाईंच्या पट्ट्याचे दोन टाके सुटले, ते दगडावर बसून घातले. जावा पहिल्या संध्याकाळी थंडीने एका तंबूत शिरल्या, त्या अजून तिथेच आहेत.

अकरा वर्षांत घराबाहेर झोपले नव्हते. काल उजाडेपर्यंत झोपले. टाच दुखतेय, दुखू दे. दुपारी खाली पोचलो की नर्सबाई त्यांच्या गाडीने मला घरी सोडणार आहेत. मोठ्या बाई अजून गप्प आहेत. माझ्या कात्रीपायी पोरीचं काही बिघडलं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

दादाला नमस्कार. आहे तो जिव्हाळा राखा.

तुमची,
डोंगरावरची नणंद


तळावरून,
मंगळवार, ता. १७

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंचं तोंड उघडलं. तीन दिवसांचं साचलेलं एकदम! आधी झाडलं. तीन तास उशीर झाला. काम न तपासता घेतलं ही माझी चूक, आणि टोकं कशासाठी असतात हे शिवणारीला सांगितलं नाही ही त्याहून मोठी. मी मान खाली घालून ऐकत होते, डोळ्यांसमोर तंबूच तंबू. मग त्या म्हणाल्या की वीस वर्षं त्या हळू चालणारीला मागे ठेवत आल्या, आणि तिला पुढे करायचं त्यांना कधी सुचलं नाही. आता प्रत्येक सफरीत तसंच होणार. आणि कोठीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. आत्या, मी पक्की! या वेळी उड्या बाहेर अंगणात मारल्या.

पुढची तुकडी पुढच्या महिन्यात ४ तारखेला. सोबत सहावी सॅक पाठवतेय. तुझ्या रिळातल्या पट्टीने मी स्वतः पट्टे लांब केलेत, टाके वाकडे आहेत, हसू नकोस. या वेळी तुझ्या पाठीवर पूर्ण वजन देणार आहे. यादीत पहिलं नाव तुझं घातलंय, रांगेतही तूच पहिली. टोकं कापू नकोस!

राग संपला, लोभ शिल्लक आहे, तो तूही सांभाळ.

तुझी,
पक्की भिंगरी


दुकानातून,
शुक्रवार, ता. २०

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हसले नाही, रडले. मग टाके मोजले आणि हसले.

सॅक दुकानात खुंटीला लावलीय. टोकं वीत वीत लोंबताहेत, येताजाता हात शिवशिवतात, म्हणून मोठी कात्री चष्मेवाल्याकडे ठेवायला दिली आहे. दारावर पाटी आजच लावून टाकली, सगळ्यांना दिसेल अशी. अकरा वर्षांतली पहिलीच, तेव्हा अक्षरं जरा मोठी काढलीत: "४, ५ आणि ६ तारखेला दुकान बंद. मालकीण डोंगरावर, रांगेत सगळ्यात पुढे."

तुझा लोभ घेऊनच येते, वजनात धरू नकोस.

तुझी,
आत्या