ह्यांनी भरलेली हवा

३ मार्च
सून म्हणाली, "आई, बाबांची सायकल मी नेऊ का कामावर? बस थांब्यापर्यंत चालून पायांचे तुकडे पडतात." नको म्हटलं. कारण सांगितलं नाही. चाकांत अजून ह्यांनी भरलेली हवा आहे. गेले त्या सकाळी भरली होती.

४ मार्च
वाचनालयातून सायकल दुरुस्तीचं पुस्तक आणलं. ट्यूब धड असली तरी हवा रबरातून झिरपते म्हणे, महिन्या-दीड महिन्यात चाक मऊ पडतं. इथे सात महिने झाले! रोजच्यासारखं अंगठ्यानं दाबून पाहिलं — दगड! काय हात होता ह्यांचा! शेजारचे भावोजी म्हणायचे, "वहिनी, ह्याला आवरा, टायरआधी हाच फुटेल."

६ मार्च
अंगठ्यावर विसंबू नये, असं पुस्तक सांगतं. ह्यांच्या हत्यारांच्या डब्यात हवा मोजायचं गेज सापडलं. भर दुपारी अंगणात मागच्या चाकाला लावलं. पन्नास पौंड!

७ मार्च
सकाळी सेहेचाळीस. पुन्हा पुस्तक काढलं — उन्हानं हवा फुगते, रोज एकाच वेळी, गार चाकावर मोजावं. आणि गेज लावताना थोडी हवा निसटतेच. फिस्स होतं ना, तीच.
म्हणजे मोजून मोजून मीच ह्यांना घालवतेय!

८ मार्च
मोजलं नाही.

१० मार्च
राहवलं नाही. सकाळी, गार चाक — चव्वेचाळीस. दारातून सून बघत होती. "आई, रोज काय बघता हो त्यात?"
"सासऱ्यांचा हात बघते तुझ्या. अजून टिकलाय. पण उतरतोय गं."
तिनं चपला घातल्या, चालू लागली.

११ मार्च
तीच वेळ, गार चाक. पन्नास!
पुन्हा लावलं. एकोणपन्नास. म्हणजे गेज शहाणं आहे. हवा आपोआप वाढते असं पुस्तकात कुठेच नाही.
कोपऱ्यातल्या पंपाला हात लावला. बुडाशी अजून कोमट होता, नुकताच कुणीतरी वापरलेला. आत सून साबणानं हात घासत होती. तळव्यांवर पंपाच्या मुठीचे लाल वळ.
सात महिने हीच भरत होती! स्वतः पायी जाऊन, न बोलता. माझ्या अंगठ्याला कळू नये म्हणून. कसल्या मातीची पोर आहे ही!

१२ मार्च
सायकलची किल्ली तिच्या जेवणाच्या डब्यावर ठेवली. म्हटलं, "घेऊन जा. हवा तुझीच आहे."